इटालियन–अरबी दुभाषी हवा आहे, आणि त्याला वाइनमधले कळणारे हवे: कुठे शोधावा?

तापीकाठ_रावेर:

राम राम मंडळी. प्रश्न थोडा आडवळणाचा आहे, म्हणून आधी संदर्भ सांगतो. मी रावेर तालुक्यातून आखाती देशांत आणि लेबनॉनला केळी पाठवण्याच्या व्यवसायात आहे. त्याआधी आठ वर्षे दुबईच्या अल अवीर फळबाजारात नोकरी केली, त्यामुळे बाजारात निभावेल इतकी अरबी मला बोलता येते. इटालियन मात्र अजिबात येत नाही. आमच्याकडून केळी घेणारे बैरुतचे एक व्यापारी आहेत. त्यांची स्वतःची उपाहारगृहे असून त्यांच्यासाठी ते इटलीहून वाइन मागवतात. मागच्या वर्षी फळांच्या प्रतवारीची यंत्रे पाहण्यासाठी आम्ही रिमिनीच्या मॅकफ्रुट प्रदर्शनाला बरोबर गेलो होतो. त्या प्रवासाची आखणी मी केली होती आणि ती त्यांच्या पसंतीस उतरली, म्हणून आता व्हेरोना येथे एप्रिलमध्ये भरणाऱ्या विनइटली या वाइनच्या प्रदर्शनाची आणि त्यानंतर वालपोलिचेल्ला व पिएमॉन्ते भागातील पाच-सहा वायनऱ्यांच्या भेटींची जबाबदारीही त्यांनी माझ्यावरच टाकली आहे.

मागच्या वेळचा अनुभव असा, की रिमिनीहून परतताना आम्ही रोमान्या भागातील एका वायनरीत गेलो. दुभाषी एका एजन्सीने पाठवला होता. माणूस सज्जन होता आणि दोन्ही भाषा बिनचूक बोलत होता. जेवणानंतर दरांच्या यादीवर बोलणे सुरू झाले तेव्हा 'आल्बाना' या पांढऱ्या वाइनच्या नावापुढे 'अमाबिले' असा शब्द आला. त्याने त्याचे अरबी 'लतीफ' असे केले, म्हणजे सौम्य, हवाहवासा. माशाबरोबर देण्यासाठी सौम्य वाइन बरी, असे म्हणून शेठनी चाळीस पेट्या सांगितल्या. ती बाटली त्या दिवशी कोणी उघडलीच नव्हती. माल बैरुतला पोहोचल्यावर ती चक्क गोड निघाली. 'अमाबिले' हा तेथे गोडीची पायरी सांगणारा शब्द आहे, हे आम्हाला तेव्हा कळले.

म्हणून विचारतो. या भाषाजोडीतला, वाइनचे कामकाज समजणारा दुभाषी नेमका कोठे शोधावा? त्याला खरोखर कळते की नाही हे, मला स्वतःला इटालियन येत नसताना, कसे तपासावे? आणि तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे: अरबी दुभाष्यांपैकी बरेच जण मुसलमान असतील, त्यांना दारूच्या संदर्भातील कामाबद्दल न दुखावता कसे विचारावे?

भुसावळ_ते_बोलोन्या:

दादा, तुमच्या पेट्यांबद्दल वाईट वाटले. मी मूळची भुसावळची, बरीच वर्षे इटलीत असून इटालियन–इंग्रजी दुभाषी म्हणून काम करते. माझी जोडी तुमच्या उपयोगाची नाही, पण या धंद्याची घडण सांगू शकते.

ही जोडी दुर्मीळ का आहे, हे आधी समजून घ्यावे, म्हणजे शोध कोठे घ्यायचा ते आपोआप कळते. इटालियन ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, पण तेथे अरबी नाही. अरबी संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे, पण तेथे इटालियन नाही. मोठ्या परिषदांचे पगारी काम ज्या दोन ठिकाणी असते, त्यांपैकी एकाही ठिकाणी या दोन भाषा समोरासमोर येत नाहीत. परिषदांमध्ये अशी वेळ आलीच तर इटालियनचे आधी इंग्रजी किंवा फ्रेंच होते आणि त्यावरून दुसरा दुभाषी अरबी करतो. याला रिले म्हणतात. भाषणासाठी रिले ठीक आहे, पण पिंपाशेजारी उभे राहून भाव ठरवताना त्याचा उपयोग नाही.

मग ही जोडी प्रत्यक्षात जिवंत कोठे आहे? इटलीतील रुग्णालये, न्यायालये आणि स्थलांतरितांची कार्यालये येथे. मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त येथून आलेल्या किंवा त्यांच्या इटलीत वाढलेल्या मुलांपैकी अनेक जण 'भाषिक-सांस्कृतिक मध्यस्थ' म्हणून तेथे रोज काम करतात. तुमच्या एजन्सीने पाठवलेला सज्जन माणूस बहुधा याच वर्तुळातला असावा. हे लोक कमी प्रतीचे असतात असे कृपया समजू नका. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईचे बोलणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे वाइनच्या यादीपेक्षा अवघड काम आहे. त्यांना तुमचे शब्द माहीत नसतात, एवढेच.

शोधताना अनुवादक आणि दुभाषी यांत गल्लत करू नका. अनुवादक लिहितो, दुभाषी बोलतो, आणि एकातला तरबेज माणूस दुसऱ्यात कच्चा असू शकतो. परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना एआयआयसी ही १९५३ साली स्थापन झाली. तिची सदस्यसूची कोणालाही पाहता येते आणि तीत भाषा व गाव यांनुसार शोध घेता येतो. इटलीत असोइंतेरप्रेती आणि एआयटीआय या संघटनांच्याही अशाच सूची आहेत. त्यांत नावापुढे ए, बी, सी अशी अक्षरे दिसतात: ए म्हणजे मातृभाषा, बी म्हणजे जिच्यात तो दुसऱ्या भाषेतून बोलून दाखवू शकतो ती, आणि सी म्हणजे जी त्याला पूर्ण समजते पण जिच्यात तो बोलून देत नाही ती. तुम्हाला वाटाघाटी करायच्या आहेत, म्हणजे प्रश्न अरबीतून इटालियनमध्येही जाणार. म्हणून अरबी ए आणि इटालियन बी, किंवा त्याच्या उलट, अशीच व्यक्ती पाहा. इटालियन सी असलेला कितीही नामांकित असला तरी तुमचे अर्धेच काम करील.

आणखी एक ठिकाण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रोममध्ये अन्न व कृषी संघटनेचे, म्हणजे एफएओचे मुख्यालय आहे आणि तेथे अरबी ही अधिकृत भाषा आहे. शेतीचे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत असे अरबी दुभाषी तेथे कामाला येतात. त्यांतला रोमलाच स्थायिक झालेला आणि इटालियनमध्येही काम करणारा कोणी मिळाला, तर 'कलम', 'छाटणी', 'भुरी' हे शब्द त्याला तुम्हाला शिकवावे लागणार नाहीत.

माझे स्पष्ट मत असे, की वाइनतज्ज्ञ शोधून त्याच्याकडून दुभाष्याचे काम करवून घेऊ नये; उत्तम दुभाषी घ्यावा आणि त्याला वाइनची तयारी करायला वेळ व साहित्य द्यावे. तयारी हा आमच्या कामाचा अर्धा भाग असतो, आणि नेमका तोच भाग लोक फुकट धरतात.

चाळीसगावकर_नाना:

भाऊ, मी जहाज कंपनीत नोकरी केली आहे आणि बैरुत बंदर अनेकदा पाहिले आहे, म्हणून एक शंका विचारतो. लेबनॉनचा वाइनचा व्यापारी फ्रेंच जाणत नाही, असे होईल का? बेका खोऱ्यात जेझुइट पाद्र्यांनी १८५७ साली क्सारा येथे सुरू केलेली वाइन आजही निघते, आणि वाइनविषयीचे तेथले सगळे बोलणे फ्रेंच शब्दांनी भरलेले असते. इटालियन–फ्रेंच दुभाषी व्हेरोनात सहज मिळतील. दुर्मीळ वस्तूच्या मागे धावून दुप्पट पैसे कशाला मोजायचे?

तापीकाठ_रावेर:

नाना, शंका रास्त आहे आणि शेठना मी हेच विचारले होते. ते आणि त्यांचा मुलगा फ्रेंच बोलतात. पण बरोबर येणारे गोदामाचे प्रमुख आणि हिशेब पाहणारे गृहस्थ यांना अरबीशिवाय काही येत नाही, आणि मालाची अंतिम मोजणी हेच दोघे करतात. मागच्या वेळी 'लतीफ' हा शब्द ऐकून मान डोलावणारे तेच होते.

पांझराकाठचा_मुअल्लिम:

नमस्कार. मी धुळ्यात अरबी शिकवतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मीच द्यावे हे बरे, कारण मला हे काम कोणी देऊ केले तर मी ते घेणार नाही, आणि विचारणाऱ्याचा मला रागही येणार नाही. दारू पिणाऱ्याबरोबरच ती गाळणारा, वाहून नेणारा आणि विकणारा यांचाही निषेध करणारी हदीस प्रसिद्ध आहे. दुभाष्याचा त्यांत समावेश होतो की नाही, यावर प्रत्येक जण आपापल्या विवेकाने निर्णय घेतो. कोणी म्हणेल, मी केवळ शब्द पोहोचवतो. कोणी वायनरीत येईल पण चव घेणार नाही. कोणी येणारच नाही. या तिघांशीही वाद घालू नये. आपल्याकडे २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर किती रणकंदन झाले ते आठवा. हा प्रश्न कोणत्याही एका धर्माच्या माणसांपुरता नाही.

म्हणून धर्म विचारू नका, काम सांगा. पहिल्याच पत्रात लिहा, की विषय वाइनची खरेदी हा आहे, ठिकाण वायनरी आहे, चव घेण्याची अपेक्षा नाही, जेवणाच्या टेबलावर वाइन असेल. ज्याला नको असेल तो विनासंकोच नकार देईल. आयत्या वेळी वायनरीच्या दारात कळले, तर मात्र तो अपमान ठरतो.

आता शब्दांविषयी. अरबीत वाइनसाठी 'खम्र' आणि 'नबीझ' असे दोन शब्द आहेत. 'खम्र' हा धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा शब्द आहे, त्यात निषेधाचा सूर आहे. बाटलीवर आणि उपाहारगृहाच्या यादीत 'नबीझ' चालतो. गंमत अशी, की 'नबीझ'च्या मुळाशी 'टाकणे' हा धातू आहे, कारण पूर्वी खजूर किंवा बेदाणे पाण्यात टाकून ते पेय करीत. ट्युनिशिया-मोरोक्कोच्या बोलीत वाइनला 'श्राब' म्हणतात, तर प्रमाण अरबीत 'शराब' म्हणजे कोणतेही पेय. आपले सरबतही त्याच धातूतून आलेले आहे. तुमच्या दुभाष्याने ट्युनिशियाच्या बोलीत काम केले, तर बैरुतच्या गोदामप्रमुखांना निम्मे कळणार नाही. त्यामुळे 'अरबी येते' एवढ्यावर समाधान मानू नका, तर शाम प्रदेशाची, म्हणजे लेबनॉन-सीरियाकडची बोली येते का, निदान फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी, सफाईने बोलता येते का, ते विचारा. तरीही ट्युनिशियन माणसाचा विचार सोडू नका. सिसिलीहून लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाऊन राहिले, इटालियन दूरदर्शन तेथे घरोघर पाहिले जात असे, आणि त्या देशात द्राक्षबागाही आहेत. इटालियन आणि द्राक्ष दोन्ही ओळखीचे असलेली अरबी माणसे तेथे बरीच सापडतील.

अरबीत वाइनचे शब्द नाहीत, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. आठव्या-नवव्या शतकातील अबू नुवास या कवीने मद्यावर इतके लिहिले, की 'खम्रिय्यात' हा स्वतंत्र काव्यप्रकार त्याच्या नावाशी जोडला गेला. अर्थात त्याचे शब्द आम्लतेचे आकडे सांगायला कामाचे नाहीत. उलट दिशेनेही देणेघेणे झाले आहे. नवव्या शतकात अरबांनी सिसिली घेतली, आणि आजही पांतेलेरिया बेटावरच्या द्राक्षाला 'झिबिब्बो' म्हणतात. आपल्या बेदाण्याचा अरबी शब्द 'झबीब' आहे. मार्साला या वाइनच्या गावाच्या नावातले 'मर्सा' म्हणजे बंदर. दुभाष्याशी पहिल्या भेटीत हा विषय काढून पाहा. ज्याचे डोळे चमकतील तो तुमचा माणूस, असे मी म्हणेन, अर्थात ही शिक्षकाची परीक्षा आहे, व्यापाऱ्याची नव्हे.

मांडवाखालून_साक्री:

राम राम. माझी साक्री तालुक्यात द्राक्षबाग आहे, खाण्याच्या द्राक्षांची. भाषांतले मला कळत नाही, पण परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत गोंधळ कोठे होतो ते पाहिले आहे. तो चवीच्या पेल्यापाशी होण्याआधी बागेतच होतो.

वालपोलिचेल्लात जुन्या बागा 'पेर्गोला' पद्धतीच्या असतात, म्हणजे जवळजवळ आपला मांडवच. पिएमॉन्तेतल्या लांगे भागाकडे तारांवर उभी वेल असते आणि पांतेलेरियाला जमिनीलगत झुडूप. यांना एकच शब्द वापरला, तर पाहुण्याला उत्पादनातला आणि किमतीतला फरक कळणारच नाही. मांडवाला अरबी शब्द काय, हे गुरुजी सांगतील. तसेच, आपण वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी. तिकडे थंडीत वेल झोपते आणि तेव्हाच छाटणी होते. आमारोने या वाइनसाठी तोडलेले घड हवेशीर माडीवर तीन-चार महिने सुकवतात आणि त्यात त्यांचे वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते. बेदाण्याची शेड पाहिलेल्या माणसाला आमारोने महाग का, हे समजावून सांगावे लागत नाही. न पाहिलेला दुभाषी मात्र 'सुकी द्राक्षे' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, खराब माल वापरला.

आणि चवीत आंबट व तुरट यांची गल्लत ही सगळ्यात मोठी. आपल्याकडे आंबटाने दात आंबतात आणि तुरटाने जीभ आवळून येते. कच्ची केळी चावून पाहा, म्हणजे रावेरकरांना अधिक सांगायला नको. लांगेच्या बारोलो या लाल वाइनमधला टॅनिनचा गुण जीभ आवळणारा आहे, दात आंबवणारा नव्हे. दुभाष्याची परीक्षा घ्यायची तर इटालियन येण्याची गरज नाही. त्याला एक कच्चे केळे आणि एक लिंबू द्या, आणि दोन्हींचे इटालियन व अरबी शब्द विचारा.

थोडे अवांतर. आमच्या भाच्याने एकदा इटालियन पाहुण्यांना नंदुरबारकडे नेले होते आणि मोहाच्या 'पहिल्या धारेची' थोरवी सांगितली. ते पाहुणे द्राक्षाच्या चोथ्यापासून ग्रापा गाळणारे होते. त्यांच्याकडे सुरुवातीच्या धारेला 'तेस्ता', म्हणजे डोके म्हणतात, आणि ती काढून टाकतात. ठेवतात ती मधली, 'कुओरे', म्हणजे काळीज. भाच्याने अभिमानाने जे सांगितले, ते ऐकून पाहुण्यांनी पेला हळूच खाली ठेवला. शब्द अगदी बरोबर होते.

पांझराकाठचा_मुअल्लिम:

मांडवाला 'अरीश'. कुरआनात बागांच्या वर्णनात मांडवावर चढवलेल्या आणि न चढवलेल्या अशा दोन्हींचा उल्लेख याच धातूने येतो. तुरटाला 'काबिद' किंवा 'अफिस', आंबटाला 'हामिद'. चोथ्याला 'तुफ्ल'.

भुसावळ_ते_बोलोन्या:

साक्रीच्या भाऊंची केळे-लिंबाची परीक्षा मी माझ्या विद्यार्थ्यांवर वापरणार आहे. इटालियनमध्ये जीभ आवळणाऱ्या चवीला 'आलापान्ते' असा फार नेमका शब्द आहे; तो ज्याला येतो त्याने निदान कच्चे फळ तरी इटालियनमध्ये खाल्लेले असते.

दादा, तुम्हाला परीक्षेसाठी आणखी दोन प्रश्न देते. पहिला 'सेक्को' या शब्दाचा. साध्या वाइनवर 'सेक्को' असेल तर साखर लिटरला साधारण ४ ग्रॅमपर्यंत, आम्लता पुरेशी असल्यास ९ पर्यंत. त्यानंतर 'अबोक्कातो', मग ४५ ग्रॅमपर्यंत जाणारे तुमचे 'अमाबिले', आणि शेवटी 'दोल्चे'. फेसाळ वाइनवर मात्र तोच 'सेक्को' शब्द १७ ते ३२ ग्रॅम साखर सांगतो, म्हणजे ती 'ब्रुत' या कमी साखरेच्या फेसाळ प्रकारापेक्षा गोड असते. प्रोसेक्को ही फेसाळ वाइन घेताना 'एक्स्ट्रा ड्राय' हे 'ब्रुत'पेक्षा गोड की कमी गोड, असे विचारा. जो लगेच 'कमी गोड' म्हणेल, त्याला पुन्हा अभ्यासाला बसवा.

दुसरा प्रश्न पिंपाचा. 'बोत्ते' म्हणजे मोठे, बहुधा जुने पिंप. 'बारीक' म्हणजे २२५ लिटरचे छोटे, लाकडाचा वास उतरवणारे. आपल्या 'बारीक'शी त्याचे काही नाते नाही, पण लक्षात ठेवायला सोपे. अरबीत दोन्हींना 'बर्मील' म्हटले जाते. १९८० च्या दशकापासून बारोलोच्या गावांत याच फरकावरून बापलेकांची भांडणे झाली आहेत, त्यामुळे लांगेत हा शब्द सैल वापरणे परवडत नाही. आणि नानांचे म्हणणे सर्वस्वी सोडू नका: लेबनॉनचे लोक अरबी बोलतानाही असे शब्द फ्रेंचच वापरतात. इटालियन–अरबी जोडीबरोबर फ्रेंच सी असलेली व्यक्ती मिळाली, तर शेठ आणि गोदामप्रमुख दोघांचीही सोय होईल. बैरुतच्या सेंट जोसेफ विद्यापीठात दुभाष्यांची शाळा आहे, तिच्या माजी विद्यार्थ्यांत आणि नापोलीच्या ल'ओरिएंताले विद्यापीठात अरबी शिकलेल्यांत शोध घ्या. नावासमोर इटालियन सोमेलिए, म्हणजे वाइन पारखून वाढणाऱ्यांच्या, संघटनेचा अभ्यासक्रम केल्याची नोंद दिसली, तर दुधात साखर. ती नसली म्हणून नाव खोडू नका.

दुभाषी तुमचा असावा, वायनरीने दिलेला नव्हे. विक्रेत्याने बोलावलेला माणूस खोटे बोलेल असे मी म्हणत नाही, पण शंका आल्यावर थांबून विचारण्याचे धाडस तो कोणासाठी करील, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही. मोबदला दिवसावर ठरतो, तासावर नाही, आणि प्रवासाचे दिवसही त्यात धरावे लागतात. प्रदर्शनाच्या गोंगाटात पाच जणांच्या कानाशी कुजबुजणे एका माणसाला झेपणार नाही. गळ्यात अडकवायचे छोटे माइक आणि कानातले संच भाड्याने मिळतात, ते घ्या, आणि प्रदर्शनाच्या दोन दिवसांसाठी शक्य असल्यास दोन दुभाषी घ्या. वायनऱ्यांत एक पुरेल, कारण तेथे वाक्य संपल्यावर बोलायची पद्धत असते.

तापीकाठ_रावेर:

ताई, गुरुजी, भाऊ, नाना, सगळ्यांचे आभार. आज दुपारी पत्राचा मसुदा केला. वाइनची खरेदी, वायनऱ्या आणि चव न घेण्याची मुभा या गोष्टी गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच परिच्छेदात लिहिल्या आहेत. भाषा: अरबी ए, इटालियन बी, फ्रेंच सी असल्यास उत्तम, बोली शामची किंवा प्रमाण अरबी. वायनऱ्यांच्या दरयाद्या आणि बाटल्यांची माहितीपत्रके मागवून दौऱ्याच्या चार आठवडे आधी पाठवीन, असेही लिहिले आहे. निवड झालेल्या व्यक्तीशी व्हिडिओवर बोलताना माझ्यापुढे कच्चे केळे असेल, त्याची रावेरात ददात नाही. लिंबू तिकडे त्यांनी आणावे.

भुसावळ_ते_बोलोन्या:

मसुद्यात एक दुरुस्ती करा, दादा. दरयाद्या चार आठवडे आधी पाठवाल ते ठीक, पण तयारीच्या एका दिवसाचा मोबदला वेगळा देऊ, असे वाक्य त्यात घाला. आणि विनइटलीच्या आठवड्यात व्हेरोनात खोल्या मिळत नाहीत. दुभाष्याची खोली तुमच्या खोल्यांबरोबर आताच धरून ठेवा.